धावणारी कविता

मी कविता लिहितो हे कळलं की लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, ‘तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?’ त्याचं उत्तर सोपं आहे. जुन्या नाशिकात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, स्वप्नंही मराठीत पडली. मग लिहिणार कशात? दुसरा प्रश्न जरा अवघड असतो. पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर मला घामाघूम झालेलं पाहणारे लोक विचारतात, ‘अहो, कवी असून तुम्ही जोर-बैठका काढता?’ जणू कवीने खिडकीशी बसून खोकत खोकत चंद्राकडेच बघायला हवं! आज मी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

व्यायामाशी माझी ओळख झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. साल १९८१. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी इतका हडकुळा होतो, की शाळेत मुलं मला ‘काडी’ म्हणायची. एके दिवशी अब्बांनी मला हाताला धरून दोन गल्ल्या पलीकडच्या तालमीत नेलं आणि वस्तादांना म्हणाले, ‘वस्ताद, हाडं माझी आहेत, मांस तुम्ही चढवा.’

ती तालीम म्हणजे एक ठेंगणी, कौलारू खोली. मधोमध लाल मातीचा हौदा. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर कालवलेला असायचा. पहाटे दार उघडलं की त्या सगळ्याचा मिळून एक वास यायचा. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही तो वास आठवला की माझे दंड आपोआप ताठ होतात. हौद्यात उतरण्याआधी माती कपाळाला लावायची असा नियम होता. मीही लावायचो. त्यावर घरी कुणी काही म्हटलं नाही आणि मोहल्ल्यातही कुणी काही म्हटलं नाही.

तालमीच्या भिंतीवर मारुतीची तसबीर होती. तिच्या शेजारी दोन जुनी, पिवळी पडलेली चित्रं होती. एक गामा पहिलवानाचं आणि दुसरं खाशाबा जाधवांचं. हे दोघे माझे पहिले आदर्श.

गामाचं मूळ नाव गुलाम महंमद. १९१० साली तो कुस्ती खेळायला लंडनला गेला. तिथल्या स्पर्धेत उंची कमी म्हणून त्याला घेईनात. तेव्हा त्याने उघड आव्हान दिलं, समोर येईल त्याला चीत केलं आणि अखेर त्याची गाठ पोलंडच्या झिबिस्कोशी पडली. झिबिस्को तब्बल अडीच तास पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ती निकाली करायची होती, पण झिबिस्को आलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ साली, पतियाळात ते दोघे पुन्हा भिडले आणि गामाने एका मिनिटाच्या आत कुस्ती मारली. वस्ताद ही गोष्ट सांगत तेव्हा आम्ही पोरं श्वास रोखून ऐकायचो. माझ्या मनात एक चोरटा अभिमानही असायचा, की याचं नाव आमच्यातलं आहे. बारा वर्षांच्या मुलाला असा आधार लागतो, ते नाकारण्यात अर्थ नाही.

गामाच्या चित्राने मला असं झपाटलं, की मी एकदम शंभर बैठकांपासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मला घराचा जिना उतरता येईना. बसून, एकेक पायरी घसरत खाली आलो. अम्मीने तालीम बंद करायचं फर्मान काढलं. वस्ताद मात्र हसले. म्हणाले, ‘पोरा, गामाच्या बैठका मोजू नकोस. त्याने पहिल्या दिवशी किती काढल्या असतील, ते मोज.’

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. ते कळायला मला पुढची तीस-पस्तीस वर्षं लागली. खरं तर हे सगळं भाषण त्या एका वाक्याबद्दलच आहे.

आपण ज्यांना आदर्श मानतो, त्यांचा आपण नेहमी शेवटचा दिवस बघतो. गळ्यातलं पदक, उंचावलेले हात, वर चढणारा तिरंगा. त्याने छाती भरून येते, पण आपल्या पायांना काय करायचं ते कळत नाही. खाशाबा जाधवांचंच बघा. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडलं. ते टेनिसपटू लिअँडर पेसने आणलं. हा झाला शेवटचा दिवस. पहिला दिवस होता १९४८ सालचा, लंडनचा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल तिथे गादीवर उतरला. मातीत पाय रुततो, गादीवर घसरतो. नियम वेगळे, गुण मोजायची रीत वेगळी. तरी ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी त्या गादीचा अभ्यास केला. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदकाच्या चित्रात ही चार वर्षं दिसत नाहीत आणि ते गहाण पडलेलं घरही दिसत नाही.

आमचे वस्ताद चौथी शिकलेले होते. पण त्यांचे जे नियम आम्ही कुरकुरत पाळायचो, त्यांची कारणं मी पुढे पुस्तकांतून वाचली तेव्हा थक्क झालो. चार नियम सांगतो.

पहिला नियम, तालमीत आल्या आल्या जोर काढायचे नाहीत. आधी फावड्याने हौदा खणायचा. आम्हाला वाटायचं, वस्ताद फुकटात कामं करून घेतात. पण थंड स्नायू आखडलेले असतात. दहा मिनिटं खणलं की अंग तापतं, स्नायूंकडे रक्त धावतं, सांधे मोकळे होतात. आजचे प्रशिक्षक याला वॉर्म-अप म्हणतात.

दुसरा नियम, आज जितकं निघालं त्याहून उद्या थोडंच जास्त. आठवड्याला पाच जोर वाढवायचे, पंचवीस नाही. स्नायूवर नेहमीपेक्षा थोडा जास्त ताण आला, की शरीर ते ओळखतं आणि पुढच्या वेळेसाठी स्नायू थोडा बळकट करून ठेवतं. मात्र ताण एकदम वाढला तर स्नायू, कंडरा आणि सांधे यांना सावरायला वेळ मिळत नाही. माझा जिना आठवा.

तिसरा नियम झोपेचा. रात्री नऊ वाजता अंथरुणात गेलंच पाहिजे. आपल्याला वाटतं, व्यायाम करताना ताकद वाढते. प्रत्यक्षात व्यायाम करताना स्नायूंच्या तंतूंची थोडी मोडतोड होत असते. त्यांची डागडुजी विश्रांतीत आणि झोपेत होते, तीही खाण्यात डाळ, दूध, अंडी, मटण असं प्रथिनांचं काही असेल तर. व्यायाम म्हणजे इमारतीचा नुसता आराखडा. गवंडी रात्री कामावर येतात.

चौथा नियम, आठवड्यात एक दिवस सुट्टीचा. त्या दिवशी फक्त मालिश. अंगात रग असलेल्या पोरांना हा नियम सगळ्यात जड जायचा.

या चार नियमांवर मी बी.ए.पर्यंत निभावलो. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. रेडिओ आणि वर्तमानपत्रांत तिचंच नाव. मी तिचं चित्र कापून तालमीत नेलं, पण ते भिंतीवर लागलं नाही. ‘इथे बाईचं चित्र नको,’ असं कुणीतरी म्हणालं आणि मी ते मुकाट घडी करून वहीत ठेवलं. तेव्हा त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. या घडी केलेल्या चित्राकडे मी पुन्हा येणार आहे.

बी.ए. झालो, कारकुनाची नोकरी लागली, लग्न झालं. वस्ताद गेले, तालीमही पुढे बंद पडली. व्यायामावरचं प्रेम आटलं नव्हतं, पण ते आता आठवणीतलं प्रेम झालं होतं. मित्रांमध्ये बसलो की मी तालमीच्या गोष्टी रंगवून सांगायचो. खुर्ची दिवसभर, चहा सहा कप, संध्याकाळी कवितांच्या बैठका आणि सोबत भजी. पोट पुढे आलं. कवितेत मी मातीबद्दल लिहीत होतो आणि पायाला माती लागून कित्येक वर्षं झाली होती.

अशात २०१० साल उजाडलं आणि आमच्या जिल्ह्यात कविता राऊत हे नाव घराघरांत पोहोचलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, कविता सावरपाड्याची. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला डोंगराळ मुलखात हा आदिवासी पाडा आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. लहानपणी ती लांबून पाणी आणायची, शाळेसाठी डोंगरवाटा तुडवायची आणि धावण्याच्या शर्यतीत अनवाणी उतरायची. तिने धावणंच का निवडलं? धावायला काही विकत घ्यावं लागत नाही, हे त्याचं एक साधं कारण. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी तिला घडवलं. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तिने वर्षानुवर्षं घाम गाळला. हा तिचा पहिला दिवस आणि त्यापुढचे हजारो दिवस.

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरला कांस्यपदक जिंकलं. वेळ ३३ मिनिटं ५ सेकंद. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक १९५८ साली मिल्खासिंगांनी मिळवलं होतं. नोव्हेंबरमध्ये चीनच्या ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत तिने त्याच अंतराला रौप्य आणि पाच हजार मीटरला कांस्य घेतलं. दहा हजारला सुवर्ण मिळालं केरळच्या प्रीजा श्रीधरनला. त्या दोघींच्या वेळेत एका सेकंदाचाही फरक नव्हता. कविताची वेळ होती ३१ मिनिटं ५१ सेकंद. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव दिलं.

३१ मिनिटं ५१ सेकंद म्हणजे नेमकं काय, ते मला कागदावर कळत नव्हतं. दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. भागाकार केला, तर प्रत्येक फेरी साधारण साडेशहात्तर सेकंदांत. एकामागून एक, न थांबता, पंचवीस वेळा. एका रविवारी मी एका शाळेच्या मैदानावर गेलो. खेळांच्या दिवसांसाठी चुन्याने चारशे मीटरची फेरी आखलेली होती. म्हटलं, एक फेरी तरी तिच्या वेगाने धावून बघू. शंभर मीटरपर्यंत मी गामा होतो. दोनशेला धाप लागली. तिनशेला डोळ्यांपुढे काजवे. फेरी पुरी झाली तेव्हा घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते आणि मी गवतावर आडवा होतो. माझी बारा वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून हसत होती. मग ती सहज धावत सुटली आणि अख्खी फेरी मारून आली. ना धाप, ना काही. म्हणाली, ‘अब्बा, मला पण कविता राऊतसारखं धावायचंय. मैदानावर पाठवाल?’

आता ती घडी केलेली चित्राची गोष्ट. मी कवी. स्त्रीच्या स्वातंत्र्यावर माझ्या चार-पाच कविता आहेत, एकीला टाळ्याही भरपूर पडतात. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी म्हणालो, ‘दहावी होऊ दे.’ मोहल्ल्यातून पहाटे ट्रॅक पँट घालून मुलगी निघाली, तर ओट्यावर बसलेले लोक काय म्हणतील, ही माझी भीती होती. खरं सांगायचं तर ओट्यावरच्या कुणीही मला कधी काही म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या तोंडचे शब्द मीच रचत होतो. टाळ्या मी सावरपाड्याच्या मुलीसाठी वाजवत होतो आणि माझ्या घरातल्या मुलीसमोर तालमीच्या भिंतीसारखा उभा होतो. ती मोठी धावपटू झाली असती, असं मी म्हणत नाही. कदाचित झाली असती, कदाचित महिन्याभरात कंटाळली असती. पण ते तिने मैदानावर ठरवायचं होतं. तिचा पहिला दिवस मी चुकवला. या गोष्टीची बोचणी मला आजही आहे आणि ती राहावी, असंही वाटतं.

धावपटूची तयारी कशी होते, हे मी त्याच काळात वाचायला लागलो. बहुधा अपराधी वाटत असावं म्हणून. आपली समजूत असते, की धावपटू रोज जीव तोडून धावतात. तसं नसतं. लांब पल्ल्याच्या धावपटूंचं बहुतेक धावणं सावकाश असतं; धावता धावता शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश. अशा धावण्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि प्राणवायूतून ऊर्जा तयार करणारे पेशींमधले कारखाने वाढतात. म्हणून मुरलेल्या धावपटूची नाडी स्वस्थ बसलेली असताना मिनिटाला चाळीस-पन्नासच पडते. तुमची-माझी साठ ते शंभरच्या दरम्यान. आठवड्यातून एक-दोन दिवस मात्र ते जोरकस धावतात. ठरावीक अंतर वेगाने, मग थोडा दम खायचा, पुन्हा वेगाने. त्याने वेग टिकवायची ताकद येते. नाशिकची पहाटेची थंड हवाही कामी येते, कारण लांब पल्ल्याच्या धावपटूचा मोठा शत्रू उकाडा. शरीराला धावायचंही असतं आणि स्वतःला थंडही ठेवायचं असतं. उकाड्यात रक्त या दोन कामांत वाटलं जातं.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो, पण खुर्चीतून उठलो नाही. मला उठवलं ते २०१६ सालच्या रक्ताच्या तपासणीने. साखर वाढलेली. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. अब्बांनाही मधुमेह होता आणि शेवटी शेवटी त्यांच्या पायाची जखम भरेना. ज्या पायांनी त्यांनी आयुष्यभर सायकली चालवून पाहिल्या, ते पाय अखेर अंथरुणाला खिळले होते. रिपोर्टचा कागद हातात घेऊन मी त्या पायांचा विचार करत बसलो. तेव्हा मुलगी अठरा वर्षांची होती. तिने कागद वाचला, घडी केला आणि म्हणाली, ‘अब्बा, उद्या साडेपाचला उठायचं. मी येते बरोबर.’

मी तिला नेलं नाही; तिने मला नेलं.

गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, नाशिककरांना सांगायला नको. एका अंगाला ईदगाह, जिथे मी अब्बांचं बोट धरून ईदच्या नमाजाला जायचो. आता त्याच रस्त्याने मुलगी मला घेऊन निघाली होती. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर वीस मिनिटं चाललो आणि कोपऱ्यात जाऊन दहा बैठका काढल्या. एके काळी शंभर काढणारा मी, दहाव्या बैठकेला झाडाचा आधार घेत होतो. लाज वाटली. मग वस्ताद आठवले. पहिल्या दिवशी किती? दहा. बस. दहा ही काही वाईट सुरुवात नाही.

त्याच वर्षी कविता राऊत रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये उतरली होती. बेचाळीस किलोमीटर तिने पुरे केले. क्रमांक बराच मागचा आला. तिथेच आपल्या जिल्ह्याचा दुसरा एक मुलगाही होता, दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जाणारा. दुष्काळी भागातलं पोर, पाणी शोधायला जमीन फोडणारं. सैन्यात भरती झाल्यावर तिथल्या प्रशिक्षकांनी त्याची उंची पाहून त्याला होडीत बसवलं. वल्हवण्याचा हा खेळ त्याने तिथे पहिल्यांदा हातात धरला आणि चार वर्षांत तो रिओला पोहोचला, तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक जिंकलं. ज्याच्या गावात पाण्याचे वांधे, तो पाण्यावर जिंकला! असा पहिला दिवस डोळ्यांपुढे ठेवला, की आपली ‘माझ्याकडे वेळ नाही, जागा नाही’ ही रड आपोआप थांबते.

आता माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी थोडं. आपल्याकडे पन्नाशी उलटली की माणसाला ‘आता दगदग करू नका’ असं सांगायची पद्धत आहे. व्यायाम म्हणजे फार तर चालणं. चालणं उत्तमच. त्याचा पुरावा फार जुना आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना केली. पगार, राहणीमान साधारण सारखंच. पण चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण बरंच कमी आढळलं. बैठं काम हृदयाला घातक असतं, याचा तो पहिला मोठा पुरावा.

पण नुसतं चालून भागत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी आपले स्नायू साधारण तीन ते आठ टक्क्यांनी झिजतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हातारपणी खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, मोरीत पाय घसरून खुबा मोडतो, त्यामागे बहुतेकदा ही झीज असते. ती रोखायला स्नायूंना वजन पेलायला लावावं लागतं. १९९० साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांवर प्रयोग केला. सरासरी वय नव्वद! त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांची पायांची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त झाली. नव्वदाव्या वर्षीही पहिला दिवस असू शकतो.

मधुमेहींसाठी तर स्नायू म्हणजे साखरेची सगळ्यात मोठी कोठी. स्नायू काम करू लागला, की तो रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हे मी माझ्या एकट्याच्या रिपोर्टचं बोलत नाही.

मग करायचं किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं झपझप चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. ताकदीसाठी जिमच हवी असं नाही. खुर्चीत बसून हात न टेकता दहा वेळा उठा, ती बैठक झाली. भिंतीला हात टेकवून छाती पुढे-मागे करा, तो जोराचा धाकटा भाऊ झाला. पाण्याने भरलेली बादली उचलून चार पावलं चाला. छातीत दुखत असेल, चालताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, साखरेची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. वस्ताद असते तर तेही हेच म्हणाले असते.

आज मी छप्पन्न वर्षांचा आहे. औषध सुटलेलं नाही, पण त्याचा डोस कमी झाला आहे. बैठका चाळीस निघतात, जोर पंचवीस. एक गुडघा कुरकुरतो, त्याचं ऐकतो. मुलगी आता औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिने कुठलं पदक मिळवलेलं नाही. ती ओढणी कमरेला घट्ट बांधून रोज पाच किलोमीटर धावते आणि मी चालत एक फेरी पुरी करेपर्यंत मला मागून दोनदा गाठते. जाताना ‘अब्बा, पाठ सरळ!’ असं ओरडून जाते. मोहल्ल्यातल्या तीन मुली आता तिच्याबरोबर येतात. त्यांच्या आदर्शांचं चित्र कुठल्या भिंतीवर आहे, मला ठाऊक नाही. पण पहाटे दार वाजवायला कोण येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पी. टी. उषाचं ते चित्र मी मध्यंतरी शोधलं. वही सापडली, चित्र नाही सापडलं. घडीचा एक पिवळा डाग तेवढा पानावर उरला होता. ती वही मी मुलीला दाखवली आणि सगळी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘उद्या साडेपाच, अब्बा. उशीर करू नका.’

गेल्या हिवाळ्यात मैदानावर एक गृहस्थ नवे आले. नवे बूट, नवा टी-शर्ट, पोट माझ्या जुन्या पोटाएवढं. मला थांबवून म्हणाले, ‘काका, तुम्ही रोज दिसता. किती फेऱ्या मारता?’ मी आकडा सांगणार होतो, पण जीभ आवरली.

विचारलं, ‘तुमचा आज पहिला दिवस का?’

‘हो.’

‘मग अर्धी मारा. आणि उद्या या.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)